दीड महिना ते तीन महिने: सोलापुरातल्या बाळंतिणींसोबतच्या कामाच्या नोंदी

3 फेब्रुवारी 2025

बाळंतपणानंतरचं नैराश्य वेळेत ओळखायचं आणि त्या बाईला सोबत करायची, असं काम हाती घेतलंय. आजपासून त्याच्या नोंदी ठेवायच्या ठरल्या. कामाला आम्ही तिघी आहोत: मी, शाळेत शिकवणारी माझी मैत्रीण आणि शहराच्या पूर्वभागातल्या एक काकू. काकूंना मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही सारखंच येतं. मैत्रीण आणि मी दोघी बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून गेलोय. काकूंनी त्यांच्या सुनेला त्यातून बाहेर काढलंय.

बराच वेळ एकाच गोष्टीवर बोलणं झालं. बाळंतिणीकडे जायचं कधी? आपल्याकडे पहिल्या सव्वा महिन्यात तिच्याभोवती माणसं असतात. मालिश, शेक, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल, सगळं साग्रसंगीत होतं, आणि बहुतेकींचं माहेरीच होतं. आशाताईंच्या घरभेटीही याच काळातल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर.

मधल्या आठवड्यांत पुष्कळ जणी सासरी परततात. आई मागे राहते, मालिशवाली बंद होते, बारशाचे पाहुणे येऊन गेलेले असतात आणि घरचं काम अंगावर येतं. बऱ्याच जणींचं नैराश्य याच सुमाराला डोकं वर काढतं, आणि तेव्हाच बघायला कोणी नसतं. आपण या मधल्या आठवड्यांत पोचायचं. बाळाबद्दल सगळे विचारतात. आपण बाईबद्दल विचारायचं.

12 फेब्रुवारी

घरोघर जायचं म्हटलं तर उंबऱ्यावरच प्रश्न येतो, तुम्ही कोण, कशाला आलात. मैत्रिणीने चांगला मार्ग काढला. बाळाच्या लसी 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात, म्हणजे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. सून एरवी बाहेर पडो न पडो, लसीला येतेच. आम्हाला हवा तोच हा काळ.

आज नागरी आरोग्य केंद्रात जाऊन परवानगी घेतली. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी दोन अटी घातल्या: रांगेचा खोळंबा नको आणि कोणाचं नाव आमच्या वहीत नको. दोन्ही अटी आम्हाला मनापासून मान्य आहेत.

तिथल्या एका कर्मचाऱ्याने विचारलं, "हे शिकलेल्या, नोकरीवाल्या बायकांचं असतं ना? आपल्याकडच्या बायकांना कुठला एवढा वेळ?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून नीट उत्तर दिलं. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या 38 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण 22 टक्के निघालं. पाच बायकांतली एक तर नक्कीच. गोव्यातल्या 2002 च्या अभ्यासात 23 टक्के होतं आणि त्यात गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणं ठळक होती. वेळ असण्या-नसण्याचा संबंध नाही. उलट हाताशी पैसा आणि माणसं नसली की हे जास्त होतं.

20 फेब्रुवारी

प्रश्नावलीवर काम. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला मदत करणारी एडिंबरा प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे, आता जगभर. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दलचे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण जास्तीत जास्त 30. बेरीज दहाच्या पुढे गेली की लक्ष द्यायचं, तेराच्या पुढे गेली की डॉक्टरांकडे न्यायचंच, असं आम्ही ठरवलंय. यावरून निदान होत नाही. थर्मामीटरने ताप कळतो, तापाचं कारण कळत नाही, तसंच हे.

कागद हातात देऊन खुणा करायला लावायचं नाही, तोंडी विचारायचं. काही जणींना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. झोपेच्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ गेला. बाळ असलेल्या घरात झोप मोडतेच. विचारायचं आहे ते वेगळं: बाळ शांत झोपलंय, अंग मोडून आलंय, तरी डोळा लागत नाही, असं होतं का?

दहावा प्रश्न स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का, हा आहे. काकू म्हणाल्या, "मी नाही विचारणार. नसलेलं डोक्यात घातल्यासारखं होईल." हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायचा ठरला.

27 फेब्रुवारी

मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे शिकायला गेलो. काकूंच्या शंकेचं उत्तर त्यांनी सगळ्यांत आधी दिलं. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्या बाईच्या मनात तो आधीपासून असतो, तिला कोणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. सरळ विचारायचं, गोल गोल नाही. उत्तर "हो" असेल किंवा ती गप्प राहिली, तर बेरीज कितीही असो, त्या बाईला एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखाना.

मग त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. पहिलं, बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत सुरू होणारं रडू. निम्म्याहून जास्त बायकांना येतं. क्षणात हसू, क्षणात रडू. जवळ माणूस आणि झोप मिळाली की दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. दुसरं, नैराश्य. ते दोन आठवड्यांच्या पुढेही टिकतं, खोल जातं, आणि त्यात रडूच असेल असं नाही. कोरडेपणा असतो, चिडचिड असते, बाळाला काही होईल या धास्तीने रात्रभर श्वास बघत बसणं असतं, कशातच गोडी न वाटणं असतं. तिसरं क्वचित, हजार बाळंतपणांत एक-दोन, पण अतिशय गंभीर: बाईला रात्र-रात्र झोप नको असते, ती असंबद्ध बोलते, आवाज ऐकू येतात, बाळ आपलं नाही असं वाटतं. हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतं आणि तेव्हा तासही घालवायचा नाही.

आमची हद्दही त्यांनी आखून दिली. आम्ही ऐकायचं, विचारायचं, सोबत जायचं. औषध सांगायचं नाही, कोणाचं चालू औषध बंद करायला सांगायचं नाही. रात्री-अपरात्री कोणाला बोलावंसं वाटलं तर 14416, म्हणजे टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. हा आकडा आम्ही बाळाच्या लसीकरण कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून देणार. ते कार्ड कोणत्याच घरात हरवत नाही.

6 मार्च

लसीकरणाच्या दिवशी पहिल्यांदा बसलो. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवतात. तो अर्धा तास आमचा.

पहिली अडचण लगेच कळली. बहुतेकींसोबत सासू असते. सासूसमोर "सगळं बरं हाय की" याच्या पुढे गाडी जात नाही. काकूंनी त्यावर आपसूक उपाय केला. त्या सासूबाईंशेजारी जाऊन बसल्या आणि तेलुगूत सुरू झाल्या: गाव कुठलं, नातू कुणासारखा दिसतो, गुडघे कसे आहेत. तेवढ्या वेळात मैत्रीण सुनेशी बोलली. यापुढे दोघींनी जोडीनेच बसायचं. सासूबाईंनाही कोणी निवांत विचारलेलं नसतं, हे आज स्पष्ट दिसलं.

रोजे चालू आहेत. काही जणी उपाशीपोटी, उन्हातून, बाळ घेऊन आल्या होत्या. त्यांना आधी सावलीत बसवलं, प्रश्न पुढच्या लसीला.

17 मार्च

सोलापूरजवळच्या कुंभारीला गेलो, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली ही दहा हजार घरं 2006 साली ताब्यात आली. दीड महिन्याच्या लसीला आलेल्या एका मुलीने स्वतःहून "घरी या" म्हटलं होतं. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही.

दारातच तेंदूच्या ओल्या पानांचा वास. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. बोटं एकदाही थांबली नाहीत. साडीच्या झोळीत बाळ, झोळीची दोरी तिच्या पायाच्या अंगठ्याला. हात विड्यांना, पाय बाळाला.

मी म्हटलं, "हात थांबव गं जरा." ती म्हणाली, "थांबले तर हजार होत नाहीत ताई." मग तशीच बोलली. दिवसभर काम होतं, पण जेवण तोंडात फिरतं. आधी कारखान्यात माल द्यायला जाताना बायकांशी गप्पा व्हायच्या, आता सासूबाई जातात. बाळ रडलं की आधी राग येतो, मग रागाची लाज वाटते. "माझ्या हातात बाळ नको असं वाटतं, पण विडी चालते. मी कसली आई?" बेरीज तेराच्या वर गेली. दहाव्या प्रश्नाला "नाही" म्हणाली, माझ्याकडे बघून, म्हणून थोडा धीर आला.

मला या घरातून एक गोष्ट ठाम कळली. ती कामाला उभी आहे म्हणजे बरी आहे, असं घरच्यांनी धरलं होतं, आणि तसं धरणं चूक आहे. रोजचं हजार विडीचं काम बाई अर्धमेल्या मनानेही करते, कारण त्याशिवाय चूल पेटत नाही. काम किती होतं हे बघून तिचं मन कळणार नाही, तिला विचारावंच लागेल.

तंबाखूच्या धुळीपासून झोळी दूर, दुसऱ्या खोलीत टांगा, असंही सांगितलं. खोल्या पुरत नाहीत हे दिसत होतं, तरी सांगितलं. नवऱ्याने संध्याकाळीच झोळी दाराजवळ वाऱ्याला हलवल्याचं तिने फोनवर कळवलं.

30 मार्च

पाडवा आणि उगादी. आज काम नाही. काकूंकडून उगादीची पचडी आली. कुंभारीच्या मुलीला फोन केला, दोनच मिनिटं. डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, नवरा सोबत यायला तयार आहे.

8 एप्रिल

आज एका आईने विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो आमच्या मनातलं?" तिला सांगितलं, ते इथेही लिहून ठेवते.

माझं बाळंतपण माहेरी झालं, सगळं नीट. तिसऱ्या महिन्यात सोलापूरला परत आले. बाळ रडलं की मी शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे आणि कानात बोटं घालून बसायचे. आंघोळीला पाणी काढलेलं तसंच थंड व्हायचं. एका डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्यांनाच होतं, मन रमवा. रमवायला मन जागेवर तर हवं. पुढे नणंदेने ओळखलं आणि ती मला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. आधी रक्त तपासलं, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडला किंवा रक्त फार कमी झालं तरी असंच गळून जायला होतं. मग गोळी आणि बोलणं, दोन्ही सुरू झालं.

सगळ्यांचा पुढचा प्रश्न एकच असतो, दुधाचं काय? स्तनपान चालू असताना देता येतील अशी औषधं आहेत. सर्ट्रालिन त्यातलं पुष्कळ वापरलं जाणारं, दुधात फार कमी उतरतं. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण "दूध पाजतेय म्हणून उपचार नकोत" हे खरं नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने गोळी सोडायची नाही. मी त्या काळात बाळाला पाजत होते. मुलगी आता शाळेत जाते.

22 एप्रिल

पारा चाळिशीच्या वर. पत्र्याच्या घरांत दुपारी बसवत नाही. भेटी सकाळी आठच्या आत उरकतोय.

झोपेचा विषय सगळीकडे निघतोय, आणि सोलापुरात झोपेचा संबंध नळाशी आहे हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. पाणी काही दिवसांआड येतं, वेळ कधी रात्रीची, कधी पहाटेची. त्या रात्री घरातली सून उठते, पिंप, हंडे, टाकी भरते. बाळाला पाजून जेमतेम पाठ टेकलेली असते तेवढ्यात नळ सुटतो. डॉक्टरांनी सांगितलंय, नैराश्यातल्या आईला सलग चार-पाच तासांची झोप मिळाली तरी मोठा फरक पडतो. म्हणून आम्ही घरच्यांशी पाण्याबद्दलच बोलायला लागलो. "तिला समजून घ्या" म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि काही बदलत नाही. "पाण्याच्या रात्री तिला उठवायचं नाही, आणि एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कोणी सांभाळायचं" म्हटलं की काम होतं.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एका नवऱ्याने सांगितलं, "मी सहाला घरी येतो. दहापर्यंत बाळ माझ्याकडे, मग मी झोपतो." घरात कोणी त्याला हे सांगितलं नव्हतं. त्याने आमचं बोलणं ऐकून स्वतः हिशेब मांडला. अशी माणसं भेटली की या कामाचा फार हुरूप येतो.

9 मे

सासवांची बैठक, मंदिराच्या मंडपात. चहा आणि शेंगाचटणी-कडक भाकरी. विषय मुद्दाम सुनांचा ठेवला नाही, "तुमचं बाळंतपण कसं झालं होतं" असा ठेवला. पाच मिनिटांत मंडप भरून बोलणं सुरू झालं. तिसरी मुलगी झाली म्हणून बघायला न आलेला नवरा. बाराव्या दिवशी मागावर बसवलेली बाई. एक आजी म्हणाल्या, "मला तेव्हा विहीर दिसायची सारखी. कोणाला सांगणार? म्हणाले असते, बाहेरचं लागलंय." इतक्या वर्षांनी पहिल्यांदा बोलल्या त्या.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर मग मैत्रिणीने रावळपिंडीची गोष्ट सांगितली. पाकिस्तानात त्या भागातल्या खेड्यांत गावातल्याच आरोग्यसेविकांना शिकवून, गरोदरपणातच नैराश्यात असलेल्या बायकांशी बाळंतपणाआधीपासून आणि नंतरही घरी बोलायला पाठवलं. तीन विषय: आईची स्वतःची तब्येत, आई आणि बाळ, आई आणि घरची माणसं. 2008 साली निकाल आला. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा, शिकवलेल्या सेविकांच्या भेटी मिळालेल्यांत 23 टक्के बायका नैराश्यात उरल्या होत्या, बाकीच्यांत 53 टक्के. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या. पुढे गोव्यातही गावातल्या सामान्य बायकांना शिकवून असं काम झालं.

आजींनी जाताना काकूंचा हात धरला. सुनेला घेऊन येते म्हणाल्या.

27 मे

सकाळी आशाताईंचा फोन. दुसऱ्या आठवड्यातली बाळंतीण, सलग रात्री झोपलेली नाही, बाळ बदललंय म्हणते, भिंतीकडे बघून उत्तरं देते. घरात उताऱ्याची तयारी. डॉक्टरांनी सांगितलेली तिसरी गोष्ट ती हीच.

काकू आधी पोचल्या. त्यांनी श्रद्धेला हात लावला नाही. "उतारा उद्या टाका मावशी, आज गाडी बोलवा" एवढंच म्हणत राहिल्या. बाळ आजीच्या हातात, बाईजवळ सतत एक माणूस, 108 ला फोन आणि सरळ सिव्हिल. दुपारपर्यंत दाखल केलं.

नवऱ्याला एकच भीती होती, बाळ तोडतील का. त्याला सांगितलं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आई उपचारासाठी दाखल असेल तर तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करत नाहीत. आईच्या आजारामुळे बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं लांब ठेवतात. हे ऐकून तो जिन्यावर बसून रडला. सकाळपासून पाणीही प्यायला नव्हता तो.

14 जून

ती बाई घरी आली आहे. ओळखते, बाळाला जवळ घेते, औषध चालू आहे. आशाताईंनी वेळेवर फोन केला नसता तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. आशाताईंच्या पुढच्या बैठकीत या लक्षणांवर बोलायला वेळ मागितला, मिळाला.

कुंभारीच्या मुलीची बेरीज आता एक आकडी. काय उपयोगी पडलं असं विचारल्यावर तिने गोळीचं नाव घेतलं, आणि मग म्हणाली, आठवड्यातून दोनदा माल द्यायला पुन्हा मी जाते. वाटेत मैत्रिणी भेटतात. बाळ तेवढा वेळ सासूबाईंकडे. विड्या हजाराच्या कमी होतात कधीकधी. घरात कोणी त्यावर बोललेलं नाही.

28 जून

पुढच्या तिमाहीची तयारी. रे नगरला, म्हणजे कुंभारीतल्याच कामगारांच्या नव्या वसाहतीत, जाणं सुरू करायचं आहे. तिथली पंधरा हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. राहायला गेलेल्यांत तरुण जोडपी बरीच आहेत, आणि जुन्या गल्लीतली हाकेवरची शेजारीण तिथे अजून जमायची आहे. बाळंतिणीला तिथे जास्त एकटं पडायला होत असणार, असं आम्हाला वाटतं. जाऊन बघितल्यावरच कळेल.

आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायकांनाही भेटायचं ठरलं. काहींचं नैराश्य गरोदरपणातच सुरू होतं. आणि जिला पहिल्या वेळी हा त्रास झालाय, तिला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तिने दवाखान्यात नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगायला हवं. लाजेखातर हे लपवलं जातं. तपासणीच्या रांगेत काकू तेलुगूत आणि मैत्रीण मराठीत तेवढंच सांगणार: आधी झालं होतं का, झालं असेल तर आजच सांगून टाका.

कुंभारीची ती मुलगी आमच्यासोबत यायला तयार आहे. दुपारी चारनंतर, माल देऊन झाल्यावर. पहिल्यांदा माझ्याबरोबर बसेल, नंतर एकटी.